फोल्डरमध्ये फाइली आहेत, पण पायथनला दिसत नाहीत

"ताई, मी स्वतः फोल्डर उघडून बघितला. फाइली आहेत. पण प्रोग्रॅम शून्य दाखवतोय."

हा फोन मला महिन्यातून दोन-तीनदा तरी येतो. सातारा जिल्ह्यातल्या करसल्लागारांना, दुकानदारांना, एक-दोन वाचनालयांना मी पायथनचे छोटे प्रोग्रॅम लिहून देते. काम साधंच असतं. एका फोल्डरातल्या स्कॅन केलेल्या पावत्या मोजायच्या, नावं बदलायची, महिन्याप्रमाणे लावायच्या, एक्सेलमध्ये यादी करायची. बिघाडही बहुतेक वेळा एकच असतो, फोल्डर नीट वाचला जात नाही. कारणं मात्र दहा-बारा निघतात. मी ज्या क्रमाने तपासते त्याच क्रमाने इथे लिहिते आहे. आधी मिनिटभराचं आणि फुकटातलं, मग अवघड. कोडमधली नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत, टाइप करताना ती इंग्रजीतच करायची.

लक्षणं

- फोल्डर भरलेला आहे, प्रोग्रॅम म्हणतो शून्य फाइली. एरर काहीच नाही.
- नावांची यादी बरोबर छापली जाते, पण त्यातली फाइल उघडायला गेलं की 'फाइलनॉटफाउंडएरर'.
- हाताने चालवलं की चालतं. रात्री आपोआप चालायला लावलं की चालत नाही.
- बाकी सगळ्या गावांचे फोल्डर सापडतात, एकाच गावाचा सापडत नाही. डोळ्यांना तो समोर दिसतो.
- फाइली येतात, पण दहावी पावती दुसरीच्या आधी येते.
- मोजणीत एक फाइल जास्त भरते, किंवा एकच फाइल दोनदा येते.
- फोल्डर उघडायलाच मिनिटं लागतात, मध्येच वाचन तुटतं, ड्राइव्हमधून टकटक ऐकू येते. हे लक्षण असेल तर मधलं काही करू नका. मशीन बंद करा आणि थेट शेवटचा भाग वाचा.

आधी प्रोग्रॅमला बोलता करा

पायथनमध्ये फोल्डर वाचायच्या चार-पाच रीती आहेत, आणि चुकीचा पत्ता दिला तर त्या सारख्या वागत नाहीत. पायथनच्या ओएस या मॉड्यूलमधल्या (मॉड्यूल म्हणजे तयार कोडचा संच) लिस्टडिर आणि स्कॅनडिरला किंवा पाथलिबमधल्या इटरडिरला अस्तित्वात नसलेला फोल्डर दिला, तर ते फाइलनॉटफाउंडएरर देऊन थांबतात. वॉक (उपफोल्डरांसकट सगळं वाचणारं) आणि ग्लॉब (नावाच्या नमुन्यावरून फाइली शोधणारं) थांबत नाहीत. फोल्डर जगात कुठेच नसला तरी ते निमूटपणे रिकामा हात पुढे करतात. प्रोग्रॅम पुढे चालू राहतो, शून्याची बेरीज शून्य येते आणि अहवाल तयार होतो.

मला या शून्याची खरी भीती वाटते. एरर आली तर माणूस फोन तरी करतो. शून्य आलं तर कित्येकदा "या महिन्यात पावत्या आल्या नसतील" म्हणून पुढे जातो, आणि ते विवरणपत्र भरायच्या आदल्या दिवशी लक्षात येतं. म्हणून माझ्या प्रत्येक प्रोग्रॅमची पहिली ओळ आता हीच असते: दिलेला पाथ 'इझडिर'ने तपासायचा, आणि तो फोल्डर नसेल तर पूर्ण पाथ छापून तिथेच थांबायचं. वॉक वापरत असाल तर त्याच्या 'ऑनएरर' या पर्यायाला एक छोटं फंक्शन द्या. हा पर्याय दिला नाही, तर परवानगी नसलेला उपफोल्डर वॉक काही न बोलता गाळून टाकतो.

एवढ्या दोन बदलांनी निम्मे बिघाड स्वतःच आपलं नाव सांगतात. ते केल्याशिवाय खालच्या तपासण्यांना हात घालू नका, नाहीतर अंधारात चाचपडल्यासारखं होतं.

तपासणी पहिली: प्रोग्रॅम उभा कुठे आहे?

एक मिनिट लागतं, आणि सगळ्यात जास्त वेळा उत्तर इथेच मिळतं. पाथ म्हणून नुसतं 'पावत्या' लिहिलं असेल, तर पायथन तो फोल्डर प्रोग्रॅमच्या फाइलशेजारी शोधत नाही. तो 'चालू डिरेक्टरी'त शोधतो, म्हणजे प्रोग्रॅम जिथून चालवला तिथे. ओएसमधलं 'गेटसीडब्ल्यूडी' ही जागा सांगतं. ती छापा. सोबत 'ॲब्सपाथ'ने तुमचा पाथ पूर्ण करून तोही छापा. मग तो छापलेला पाथ जसाच्या तसा कॉपी करून फाइल एक्सप्लोररच्या पत्त्याच्या पट्टीत टाका. हाताने टाइप करू नका. हाताने टाइप करताना आपण नकळत चूक दुरुस्त करतो.

"आयडलमध्ये चालतं, व्हीएस कोडमध्ये नाही" (दोन्ही कोड लिहायचे एडिटर) ही तक्रारही इथलीच. आयडलमध्ये एफ-५ दाबलं की चालू डिरेक्टरी त्या प्रोग्रॅमचा फोल्डर होते. व्हीएस कोडचं टर्मिनल मात्र तुम्ही उघडलेल्या सगळ्यात वरच्या फोल्डरात सुरू होतं. विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये 'स्टार्ट इन' हा रकाना रिकामा सोडला, तर चालू डिरेक्टरी विंडोजच्या आतला सिस्टम-३२ फोल्डर असते. लिनक्सवर ठरलेल्या वेळी कामं चालवणारं क्रॉन वापरकर्त्याच्या होम फोल्डरातून काम सुरू करतं. म्हणजे दिवसा चालणारा प्रोग्रॅम रात्री दुसऱ्याच अंगणात पावत्या शोधत असतो.

उपाय एकच: पाथ पूर्ण द्या, किंवा प्रोग्रॅमच्या फाइलचा स्वतःचा पत्ता काढून त्याला पुढचा फोल्डर जोडा. वनड्राइव्हने डेस्कटॉपची जबाबदारी घेतली असेल तर आणखी एक गोष्ट बघा. डोळ्यासमोरचा डेस्कटॉप तेव्हा वापरकर्त्याच्या फोल्डरात थेट नसतो, वनड्राइव्हच्या फोल्डराच्या आत असतो. जुना पाथ मग रिकामा निघतो किंवा सापडतच नाही.

तपासणी दुसरी: उलटी तिरपी रेघ

विंडोजच्या पाथमधली \ ही रेघ पायथनच्या साध्या अवतरणात खास अर्थाची आहे. पुढे एन आला तर नवी ओळ, टी आला तर टॅब, बी आला तर बॅकस्पेस. डी ड्राइव्हवर इंग्रजीत 'बिल्स' नावाचा फोल्डर आहे आणि त्यात इंग्रजी आकड्यांत २०२४ नावाचा, असं समजा. हा पाथ सरळ टाइप केला की 'बिल्स'मधला बी बॅकस्पेस होतो. २०२४ मधले पहिले तीन आकडे ऑक्टल, म्हणजे आठच्या पद्धतीतली संख्या, समजले जाऊन एका अदृश्य अक्षरात विरघळतात आणि शेवटचा ४ एकटा उरतो. लिस्टडिर त्यावर विनएरर १२३, म्हणजे विंडोजची 'नाव चुकीचं आहे' ही एरर देतं. ग्लॉब गप्प बसतं.

सी ड्राइव्हवरचा 'यूझर्स' फोल्डर मोठ्या यू ने लिहिला, तर प्रोग्रॅम सुरूच होत नाही. 'युनिकोडएस्केप' शब्द असलेली लांबलचक सिंटॅक्स एरर येते. ती बघून मुलं घाबरतात आणि मराठी नावांवर संशय घेतात. खरं तर यात मराठीचा काही दोष नसतो. रेघेपुढे देवनागरी अक्षर आलं तर त्या जोडीला खास अर्थच नसतो, म्हणून पायथन रेघ तशीच ठेवतो. 'बिलं' असं मराठीत नाव असलेला फोल्डर चालतो आणि इंग्रजीतला चालत नाही, तो यामुळे. पण यावर विसंबू नका. पायथन ३.१२ पासून अशा जोडीवर पडद्यावर सूचना दिसते.

अवतरणाआधी आर लावा, किंवा रेघ सरळ / अशी द्या. विंडोजवर पायथनला तीही चालते. मी सरळ रेघच वापरते, कारण आर लावलेल्या अवतरणाच्या शेवटी एकटी उलटी रेघ चालत नाही आणि तिथे पुन्हा कुणीतरी अडकतं.

तपासणी तिसरी: नाव म्हणजे पत्ता नव्हे

यादी बरोबर येते, पण फाइल उघडत नाही. लिस्टडिर फक्त नावं देतं, पूर्ण पाथ देत नाही. 'पावती ७' हे नाव मिळालं आणि तेच उघडायला दिलं, तर पायथन ती पावती पुन्हा चालू डिरेक्टरीत शोधतो. फाइल उघडताना निदान एरर तरी येते. त्याच नावावर 'इझफाइल' विचारलं तर उत्तर नुसतं 'नाही' असं येतं. "फक्त फाइली घे, फोल्डर गाळ" अशी अट घालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये मग सगळ्याच फाइली गळतात, आणि शून्य उरतं.

नावाला फोल्डराचा पाथ 'जॉइन'ने जोडा, किंवा स्कॅनडिर अथवा इटरडिर वापरा. ते प्रत्येक नोंदीबरोबर पाथही देतात. स्कॅनडिर पायथनमध्ये २०१५ साली, ३.५ या आवृत्तीत आलं. फाइल आहे की फोल्डर, ही माहिती ते बहुतेक वेळा यादीबरोबरच उचलतं, प्रत्येक नावासाठी पुन्हा डिस्कला विचारत नाही. ते आणण्याच्या प्रस्तावातच नोंद आहे की त्याच्या आधाराने वॉक विंडोजवर ८-९ पट आणि लिनक्ससारख्या प्रणालींवर २-३ पट वेगवान होतं. हजारो स्कॅनच्या फोल्डरात हा फरक घड्याळ न लावता कळतो.

तपासणी चौथी: शेपटं

विंडोज ओळखीची एक्स्टेन्शन, म्हणजे नावाच्या शेवटी टिंबानंतर येणारी शेपटं, लपवतं. म्हणून पडद्यावर 'यादी.सीएसव्ही' दिसणारी फाइल खरं तर 'यादी.सीएसव्ही.टीएक्सटी' असते. फाइल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू'मध्ये जाऊन एक्स्टेन्शन दाखवायला सांगा. कायमचंच चालू ठेवा.

लिनक्सवर लहान आणि मोठी अक्षरं वेगळी मोजली जातात. काही स्कॅनर आणि कॅमेरे एक्स्टेन्शन मोठ्या अक्षरांत देतात आणि प्रोग्रॅम लहान अक्षरांतलं शोधतो. विंडोजवर लिहून लिनक्सच्या सर्व्हरवर ठेवलेला प्रोग्रॅम पहिल्याच दिवशी इथे ठेचकाळतो. तुलना करण्याआधी एक्स्टेन्शन 'लोअर'ने लहान करून घ्या.

एक फाइल जास्त भरत असेल तर एक्सेल उघडं आहे का बघा. कुणी एक्सेलची फाइल उघडली की तिच्याशेजारी ~$ ने सुरू होणारी जेमतेम १६५ बाइटची लपलेली फाइल तयार होते. एक्स्टेन्शन तेच, त्यामुळे प्रोग्रॅम तीही वाचायला जातो आणि कोलमडतो. शेजारच्या टेबलावर बंद केली की जाते, म्हणून हा बिघाड दुपारी असतो आणि संध्याकाळी नसतो. ~$ ने किंवा टिंबाने सुरू होणारी नावं गाळा. डेस्कटॉप.आयएनआय आणि थंब्ज.डीबी याही गाळा. फोल्डराच्या नावात चौकटी कंस असतील तर ग्लॉब त्यांचा वेगळाच अर्थ लावतं. तिथे 'ग्लॉब.एस्केप' वापरा.

तपासणी पाचवी: सारखं दिसणारं मराठी नाव

इथे मी थोडी जास्त थांबणार आहे. ही अडचण आपल्या भाषेची आहे आणि इंग्रजीतल्या मदतीच्या पानांवर तिचं उत्तर सहसा सापडत नाही.

एका करसल्लागाराच्या ऑफिसात गावांची यादी एक्सेलमध्ये होती आणि गावांच्या नावाचे फोल्डर डिस्कवर. सातारा, वाई, फलटण, कोरेगाव सगळे सापडायचे. कऱ्हाड सापडायचा नाही. फोल्डर उघडून बघितला तर शंभरावर पावत्या. नाव दहा वेळा वाचलं, मोकळी जागा शोधली, काही नाही. शेवटी दोन्ही नावांची लांबी 'लेन'ने छापली. एक्सेलमधला कऱ्हाड ६ निघाला, फोल्डराचा ७.

दोघी जणी वेगवेगळ्या कळफलकांवर टाइप करत होत्या. एकीच्या कळफलकाने अर्धा र लिहिताना ऱ हे स्वतंत्र अक्षर घेतलं होतं आणि त्याला हलन्त जोडला होता: कऱ्हाड. दुसरीच्या कळफलकाने साधा र, हलन्त आणि मध्ये 'झेडडब्ल्यूजे' नावाचं न दिसणारं जोडचिन्ह घातलं होतं: कर्‍हाड. डोळ्यांना एकच शब्द, संगणकाला दोन. विंडोजच्या नेहमीच्या एनटीएफएस पद्धतीच्या डिस्कवर हे दोन फोल्डर शेजारी शेजारी सुखाने नांदू शकतात.

शोधायचं कसं? नाव 'प्रिंट' करून उपयोग नाही. 'रेप्र' वापरलं तर झेडडब्ल्यूजे २००डी या क्रमांकाने उघडं पडतं. पण 'अस्की' हे फंक्शन वापरा असंच मी सांगेन. ते प्रत्येक अक्षराचा क्रमांक समोर मांडतं, कारण फरक नेहमी जोडचिन्हाचाच असतो असं नाही. जुन्या एचएफएस प्लस डिस्कच्या मॅकवरून आलेलं नाव असेल, तर ऱ फोडून र आणि खालचा नुक्ता असं लिहिलेलं मिळतं. त्याचीही लांबी ७ भरते आणि नुक्ता रेप्रमध्ये वेगळा दिसत नाही.

युनिकोडडेटा मॉड्यूलमधलं 'नॉर्मलाइझ' एनएफसी या (सुटी चिन्हं जोडून एक अक्षर करणाऱ्या) पद्धतीने चालवलं की र आणि नुक्ता पुन्हा एक होतात. म्हणजे मॅकचा प्रश्न मिटला. झेडडब्ल्यूजेचा मिटत नाही, नॉर्मलाइझ त्याला हात लावत नाही. तिथे र, हलन्त, झेडडब्ल्यूजे हा तुकडा शोधून त्याजागी ऱ आणि हलन्त घालायचा.

ॲ ची गोष्ट याहून चिवट. त्याच ऑफिसात 'ॲडव्हान्स टॅक्स' नावाचे फोल्डर होते. हा ॲ तीन तऱ्हांनी लिहिला जातो. एक म्हणजे ०९७२ क्रमांकाचं स्वतंत्र अक्षर. दुसरा म्हणजे ०९०५ चा अ आणि त्यावर ०९४५ चा चंद्र. तिसरा म्हणजे या दोघांच्या मध्ये पुन्हा झेडडब्ल्यूजे. युनिकोड, म्हणजे अक्षरांना क्रमांक देणारी जागतिक पद्धत, पहिल्या दोघांना समान मानतच नाही, म्हणून एनएफसी इथे काही करत नाही. स्वतःच बदली करावी लागते. मी एक छोटं फंक्शन केलं आहे: आधी एनएफसी, मग र चा तुकडा, मग ॲ च्या तिन्ही तऱ्हा एका रूपात, शेवटी पुढच्यामागच्या मोकळ्या जागा काढायच्या. यादीतलं नाव आणि डिस्कवरचं नाव दोन्ही यातून काढून तुलना करते. फाइल उघडताना मात्र डिस्कवरचं मूळ नावच द्यायचं, धुतलेलं नाही. पहिल्यांदा हे फंक्शन वापरणारे बहुतेक जण नेमके तिथे चुकतात.

नावांची लांबी याच भागात येते. लिनक्सच्या ईएक्सटी-४ डिस्कवर एका नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं. मात्रा, हलन्त, अनुस्वार धरून ८५ चिन्हं झाली की नाव संपलं. विंडोजवर नाव २५५ चिन्हांपर्यंत जातं, पण पूर्ण पाथला २६० ची जुनी मर्यादा आहे. विंडोज १० च्या १६०७ या आवृत्तीपासून ती सेटिंग बदलून उठवता येते. "विंडोजवरून सगळं कॉपी केलं, पण काही पावत्या सर्व्हरवर पोचल्याच नाहीत" याचं कारण कित्येकदा लांबलचक मराठी नाव असतं. 'श्री. अमुक यांच्या दुकानाचे मार्च महिन्याचे विद्युत देयक भरल्याची पावती' असं नाव ठेवू नका. गिऱ्हाइकाचा क्रमांक आणि तारीख पुरे.

तपासणी सहावी: क्रम

लिस्टडिर कुठलाही क्रम कबूल करत नाही. विंडोजच्या एनटीएफएसवर यादी वर्णक्रमाने येते, कारण ती डिस्कवर तशीच ठेवलेली असते. लिनक्सवर ती विस्कटलेली येते. म्हणून क्रम हवा असेल तर 'सॉर्टेड' लावायचंच.

तेवढ्याने भागत नाही. सॉर्टेड अक्षरांच्या क्रमांकाने लावतं, त्यामुळे १० हा २ च्या आधी येतो. इंग्रजी आकड्यांतल्या पावत्या देवनागरी आकड्यांतल्यांच्या आधी एकगठ्ठा येतात. सुदैवाने पायथनचं 'इंट' देवनागरी आकडे सरळ वाचतं. नावातून आकडा काढून त्यावर लावलं की दोन्ही मिसळतात. युनिकोडात ळ हा ल आणि व यांच्या मध्ये बसतो. आपल्या वर्णमालेत तो ह नंतर येतो. म्हणून 'फळबाग'चा फोल्डर 'फवारणी'च्या आधी येईल आणि शब्दकोश बघणाऱ्याला ते चूक वाटेल. महिन्यांची नावं लावली तर एप्रिलनंतर ऑक्टोबर. फोल्डराच्या नावाला पुढे वर्ष आणि महिन्याचा दोन आकडी क्रमांक द्या, हा प्रश्न कायमचा सुटेल.

तपासणी सातवी: वाचता वाचता बदलणारा फोल्डर

फोल्डर वाचत असतानाच त्यातली नावं बदलू नका. स्कॅनडिर किंवा इटरडिर यादी तुकड्यातुकड्याने आणू शकतात. पहिल्या फाइलला 'तपासले_' जोडलं की ती नव्या नावाने पुन्हा यादीत येऊ शकते. एका वाचनालयाच्या स्कॅनमध्ये मी 'तपासले_तपासले_तपासले_' अशी नावं बघितली आहेत. आधी पूर्ण यादी 'लिस्ट'मध्ये घ्या, मग एकेक बदला.

स्कॅनर अजून लिहीत असलेली फाइलही यादीत येते. ती उघडली तर अर्धवट पीडीएफ मिळते. आकार दोनदा, काही सेकंदांच्या अंतराने बघा. दोन्ही वेळा सारखा असेल तरच हात लावा.

तपासणी आठवी: परवानग्या आणि नेटवर्क ड्राइव्ह

इथून पुढे जपून. लिनक्सवर फोल्डराच्या परवानगीचे दोन भाग वेगळे आहेत. वाचायची परवानगी असेल तर नावं दिसतात. आत शिरायची परवानगी नसेल तर त्याच नावांची फाइल उघडत नाही, आकारही कळत नाही. उलटही होतं. नाव आधीच माहीत असेल तर फाइल उघडते, पण यादी मिळत नाही. मॅकवर २०१९ च्या कॅटलिनापासून डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स वाचायला टर्मिनलला वेगळी संमती लागते. ती सेटिंगमधल्या गोपनीयतेच्या भागात मिळते.

विंडोजवर झेड ड्राइव्ह म्हणून जोडलेली सर्व्हरची जागा फक्त तुमच्या लॉगइनपुरती असते. टास्क शेड्युलरने दुसऱ्या खात्यातून प्रोग्रॅम चालवला, किंवा तुम्हीच ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवला, तर झेड तिथे नसतोच. दोन उलट्या रेघांनी सुरू होणारा सर्व्हरचा पूर्ण पत्ता द्या.

'परमिशनएरर' आली आणि फोल्डर तुमच्या स्वतःच्या मशीनवरचा नसेल, तर इथे थांबा. सगळ्यांना सगळी परवानगी देऊन टाकू नका, मालकी स्वतःकडे घेऊ नका. असं केल्यावर दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या बाकीच्या लोकांना आपलेच फोल्डर उघडता आले नाहीत, हे मी एकदा बघितलं आहे. ऑफिसचं नेटवर्क जो माणूस बघतो त्याला फोन करा आणि सांगा: कुठलं खातं, कुठला फोल्डर, फक्त वाचायची परवानगी हवी. त्याचं पाच मिनिटांचं काम असतं.

इथे हात थांबवा

विनएरर १३९२ म्हणजे फोल्डर किंवा फाइल खराब झाली आहे आणि वाचता येत नाही. विनएरर २३ म्हणजे डिस्कवरून आलेला मजकूर पडताळणीत जुळला नाही. लिनक्सवर एररनंबर ५, म्हणजे इनपुट-आउटपुटचा दोष. यांपैकी काही दिसलं तर कोडमध्ये काही चूक नाही. 'ट्राय-एक्सेप्ट' (एरर आली तरी प्रोग्रॅम पुढे चालू ठेवणारी रचना) घालून पुन्हा पुन्हा वाचायला लावू नका. मरत चाललेल्या डिस्कवर प्रत्येक वाचनाचा ताण पडतो.

बॅकअप नसेल तर विंडोजच्या चेकडिस्कची (डिस्क तपासणाऱ्या प्रोग्रॅमची) दुरुस्तीही चालवू नका. ती डिस्कवर लिहिते. तुटलेल्या साखळ्यांचे तुकडे वेगळ्या फोल्डरात सीएचके एक्स्टेन्शनने टाकते, आणि मूळ नावं जातात. मशीन बंद करून डेटा परत मिळवणाऱ्या माणसाकडे न्या. तो आधी डिस्कची जशीच्या तशी प्रत काढेल आणि काम त्या प्रतीवर करेल. जो प्रत न काढता थेट सॉफ्टवेअर लावतो म्हणतो, त्याच्याकडे देऊ नका.

दुसरी गोष्ट. ग्लॉब शून्य देतं आहे आणि फोल्डरात बघितलं तर सगळ्या फाइलींना अनोळखी एक्स्टेन्शन चिकटलं आहे, शिवाय प्रत्येक फोल्डरात पैसे मागणारी एक चिठ्ठी आहे. हा रॅन्समवेअरचा हल्ला आहे. नेटवर्कची तार काढा, वायफाय बंद करा, बॅकअपची ड्राइव्ह या मशीनला अजिबात जोडू नका. काही पुसू नका. राष्ट्रीय सायबर गुन्हे हेल्पलाइन १९३० वर कळवा आणि सुरक्षेतल्या माणसाला बोलवा.

ज्याला बोलवाल त्याला फोनवरच चार गोष्टी सांगता आल्या पाहिजेत: एररचा नेमका क्रमांक, फोल्डर शेवटचा नीट कधी वाचला गेला, त्यानंतर त्या डिस्कवर काय काय केलं, आणि शेवटचा बॅकअप कुठल्या तारखेचा आहे. या चारही गोष्टी आत्ताच एका कागदावर लिहून ठेवा.